निळ्या कुंडीची भोकं

लाख तापली की मेण, निवली की दगड.

*

पिंपळाला मालक कळत नाही. फट दिसली की उगवला.

*

स्मशानात मडक्याला भोक पाडतात. तसं मडकं कोणी घरी आणत नाही.

*

जपानातल्या कोण्या कुंभाराचा अंगठा रुख्माच्या अंगठ्याएवढाच होता.

*

आता हे सगळं एका अंगणात आणायचं आहे. अंगण गोंदियातलं, मुन्नालालच्या राईस मिलच्या मागचं, साल एकोणीसशे पस्तीस-छत्तीस.

मिलच्या भिंतीत एक पिंपळ होता. वयानं जुना, उंचीनं वीतभर. फटीत जेवढं मिळालं तेवढ्यावर जगलेला. फाल्गुनात भिंत पाडायला काढली, तर एकही मजूर त्याला हात लावेना. तेव्हा मुन्नालालनं कलकत्त्याहून आणलेली जपानी कुंडी पुढे केली. उथळ, चार इवल्या पायांची, पावसाळी तळ्यासारखी निळी चकाकणारी. मोठं झाड लहान ठेवायला तिकडे अशाच कुंड्या करतात, असं दुकानदारानं सांगितलं होतं. पण बुडाला दोन भोकं! मुन्नालालची बायको जमुनाबाई म्हणाली, "फुटकी गळ्यात मारली तुमच्या." आणि कुंडी उदाराम कुंभाराकडे धाडली.

"आपल्या गाडग्याले आपन पानी पाजतो," उदाराम ती उजेडात फिरवत बायकोला म्हणाला. "हिले त काच पाजली व कोनं तरी!"

भोकं त्याच्या बायकोनं, रुख्मानं बुजवली. लाख वितळवून, दाबून. दाबताना अंगठ्याला काहीतरी लागलं होतं. तिनं मनावर घेतलं नाही. पिंपळ मुळांसकट कुंडीत बसला.

*

चैत्रात गावातले सारे पिंपळ तांबूस पालवीनं फुटले. हा नाही. वैशाखात रुख्मा जमुनाबाईकडे घागरी द्यायला गेली, तर फांद्या उघड्या.

"रोज लोटाभर पानी देऊन राहिली मी," जमुनाबाई रडकुंडीला आली होती. "पिंपळ मेला त पाप कोनाच्या माथ्यावर व?"

रुख्मानं मातीत बोट घातलं, हुंगलं. तळ्याच्या गाळाचा वास. पाप कोणाच्या माथ्यावर, ते तिला कळलं.

"बाई, हा तहानेनं नाई, बुडून मरून राहिला. मीच बुडवला. भोकं मोकळी करा लागन."

"फुटकं मडकं माह्या दारात? घरात मयत झाली का?"

"फुटकं नाई हे. बोट फिरवून पाहा. भोकाची कड गोल केली हाये अंगठ्यानं. फुटल्या जागेले असं कोनी गोंजारते का?"

जमुनाबाईनं बोट लावलं नाही. तुळशीवर गळतीचं मडकं टांगलेलं होतं. टप. टप.

"आनि ते वर काय टांगलं?" रुख्मा म्हणाली. "माह्याच घरचं हाये. भोक मीच पाडलं."

"ते देवाचं."

"मंग पिंपळ कोनाचा?"

"लय तोंड फुटलं तुले," जमुनाबाई म्हणाली. मग पदर खोचून, "कुंडी तडकली त मालकाले तूच सांगजो."

*

झाड मातीसकट ओल्या पोत्यावर उतरवलं. चुलीत लाल केलेली सळई भोकात घातली. लाखेचा धूर डोळ्यांत गेला. एक भोक मोकळं. दुसऱ्याला कुंडी बारीकशी वाजली, टिंग, आणि निळाईवर केसाएवढी रेघ उमटली. रुख्मानं पाणी ओतलं. ते भोकांतूनच गेलं. रेघ कोरडी राहिली.

वृंदावनावर विटा रचून कुंडी झाडासकट गळतीखाली ठेवली. गळतीचं पाणी कुंडीत, कुंडीचं तुळशीच्या मुळाशी.

रुख्मा मग काहीतरी निमित्त काढून तिकडे जाई.

"काऊन व, सासर बदललं का तुहं?" उदाराम विचारी.

ज्येष्ठ लागता लागता जमुनाबाईनंच तिला फाटकातून हाक मारली आणि हाताला धरून ओढत नेलं. फांदीच्या टोकाला नखाएवढं पान होतं. गुलाबी, अजून दुमडलेलं. रुख्मा वाकली. जमुनाबाईनं कुंडीखाली हात घातला आणि भोकाच्या गोल कडेवरून अंगठा हळूच फिरवला.

*

मुन्नालालच्या बापानं ती भिंत बांधली, तेव्हा चुना कमी पडून एक फट राहिली होती.