साडेतीन हजारांवर अडलेला काटा

मी विमानातला उंचीमापक बोलतोय. मला बाजारात मांडलं, तर घड्याळ समजून कोणी हातात घेईल. पण मी वेळ सांगत नाही. विमान किती उंचावर आहे ते सांगतो. एकदा खोटं सांगितलं आणि आठ माणसं गेली.

१९४६ सालचा भाद्रपद. मुंबईहून इंदूरला उतारू नेणाऱ्या विमानात मी होतो. वैमानिक लीलाधर पाटील, सोनगीरजवळच्या शेतकऱ्याघरचा. मेकॅनिक छगन भुसावळचा, रेल्वेच्या वर्कशॉपात हात बसलेला. विमानाच्या अंगावरच्या बारीक नळीतून हवा माझ्यापर्यंत येते, तिच्या दाबावर माझा काटा फिरतो. विमान उभं असताना नळीला कापडी टोपी घालणं हे छगनचं काम. तीन दिवस तो ते विसरला. तेवढ्यात कुंभारीण माशीनं आत मातीचं घर बांधलं.

धुळ्याजवळ दाट ढग लागले. जमीन दिसावी म्हणून लीलाधरनं विमान हळूहळू खाली घेतलं. "तीन हजार फुटांच्या खाली जायचं नाही," तो शेजारच्या सहवैमानिकाला म्हणाला. ढगातल्या पाण्यानं माती फुगली, हवेची वाट बंद झाली. मी साडेतीन हजारांवर अडलो. विमान उतरत राहिलं आणि मी सांगत राहिलो, अजून वर आहेस. त्यानं माझं ऐकलं. मग एकदम सोनगीरची टेकडी समोर आली.

दुसऱ्या दिवशी छगन टेकडीवर आला. मोडक्या नळीतली माती त्यानं नखानं उकरून पाहिली. धुळ्याच्या एका साप्ताहिकाचे रुपचंदभाऊ वही घेऊन उभे होते.

"काय सापडलं?"

"काही नाही," छगन म्हणाला.

त्याच्या गप्प बसण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी एक विमान उतरताना जळालं, तेव्हा तो बातमीदाराला सहज बोलून गेला होता, "इंजिनाचा आवाज जरा वेगळा वाटला." छापून आलं, बिघाड मेकॅनिकना ठाऊक होता. त्या विमानाचे मेकॅनिक, छगनचे उस्ताद नथ्थूभाऊ, निर्दोष होते, पण लोकांनी त्यांना गावात राहू दिलं नाही. तेव्हापासून पेपरवाला दिसला की विमानतळावरचे सगळेच तोंडाला कुलूप लावत.

रुपचंदभाऊ मग लीलाधरच्या आईकडे, सुंदरबाईंकडे गेले. रडतारडता ती बोलली, पोऱ्यानं मागे एकदा शेतावरून घिरटी घातली होती. छापून आलं: 'आईला विमान दाखवायला खाली आला, आठ जीव घेतले.'

सरकारी चौकशीत नळीतली माती निघाली, कागदावर चढली, फाइल कपाटात गेली. मला भंगारात टाकलं. छगननं मला मागून घेतलं, सहा महिने पेटीत ठेवलं. शेवटी राहवेना, तेव्हा मला घेऊन तो सुंदरबाईंकडे गेला.

"अक्का, लीलाधरभाऊची चूक नव्हती. माझी होती." त्यानं सगळं सांगितलं.

तिनं मला ओच्यात घेतलं. मग म्हणाली, "मन्हा पोऱ्यानी मन्हाकरता जीव लिधात, आसं बठ्ठं गाव म्हनस. मी बी तेच समजनू. आते हाई छापीसन आन. गाव मन्हं आयकाव नही, कागदनं आयकी." गाव तिचं ऐकणार नव्हतं, छापलेल्या कागदाचं ऐकणार होतं; खरं काय ते छगननं छापून आणायचं होतं.

म्हणजे पेपरवाल्याकडेच जायचं होतं. तरी तो धुळ्याला गेला. रुपचंदभाऊंच्या टेबलावर त्यानं मला ठेवलं. "लिहा. पण लिहिलेलं मला वाचून दाखवा."

रुपचंदभाऊंनी दोनदा वाचून दाखवलं.

शेवटच्या पानावर आठ ओळी आल्या. छगनची नोकरी गेली. सुंदरबाईंच्या गावच्या चावडीवर त्यानं स्वतःच त्या ओळी वाचल्या. म्हातारे झुलालआबा उठून सुंदरबाईंपुढे उभे राहिले. "अक्का, आमनं चुकनं." बाकीचे खाली बघत बसले.

आता मी सुंदरबाईंच्या घरी असतो. ती मला पदरानं पुसते. त्या पुसण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वाचकांनो, विमान पडल्याची बातमी वाचाल, तेव्हा मेलेल्याला एवढ्यात दोषी धरू नका. त्याला उत्तर देता येत नाही. आणि ज्याला खरं ठाऊक आहे तो गप्प असेल, तर त्याचं तोंड कशानं बंद झालं तेही विचारा.

माझा दोष मात्र कमी मानू नका. लीलाधरच्या आईनं मला घरात घेतलं. उरलेल्या सात घरांची माफी मागायला त्यांचे पत्तेही मला ठाऊक नाहीत.