कवडीची वेणी

माणूस तिकीट काढून आलाय की फुकटात, हे तो डब्यात पाय ठेवायच्या आधीच मला कळतं. उगीच फुशारकी मारत नाही. उभी नोकरी दौंड ते सोलापूर गाड्यांतून तिकिटं तपासण्यात गेली. संडासात लपलेले पाहिले, झोपेचं सोंग घेतलेले पाहिले, बायकोच्या बाळंतपणाला निघालोय म्हणून रडणारे तर इतके पाहिले की डोळ्यांत पाणी दिसलं की माझा हात आपोआप पावतीपुस्तकाकडे जायचा. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, ही कला आता गंजून जाणार. तेवढ्यात भीमेला पूर आला आणि माझी मेहुणी मार्था म्हणाली, दाजी, तुम्ही छावणीच्या फाटकावर बसा.

मार्था पुरात सापडलेल्या मुलांचं काम बघते. मागच्या पुरात सगळीकडे गोंधळ झाला होता, म्हणून तिने पावसाळ्याआधीच तयारी करून ठेवली होती. केडगावला आमच्या चर्चमागच्या हॉलमध्ये चादरी, दूध पावडर, औषधं भरलेली. नदीकाठच्या वस्त्यांमधून मुलांची तालीमसुद्धा घेतली होती, शिट्टी वाजली की काय करायचं याची. सगळं ठरवलं होतं, फक्त नदीला दोन काठ असतात हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. पाणी चढलं तेव्हा बोटवाल्यांनी आधी लहान मुलं उचलली आणि जो काठ जवळ दिसला त्या काठाला लावली. मोठी माणसं नंतर निघाली, ती दुसऱ्या काठाला. मग पूल बंद झाला.

मार्थाने फोनवर फोन करून दोन्ही काठांची जुळणी लावली आणि एकेक मूल आपल्या माणसांपर्यंत पोहोचवलं. दिवसभर हॉलमध्ये मुलं असायची, पण ती जवळपासची. आईबाप घरातला चिखल काढायला जायचे आणि संध्याकाळी त्यांना घेऊन जायचे. ज्याचं कुणीच आलं नाही असं एकच पोर उरलं.

तीनेक वर्षांचं असेल. बोटवाल्याने मुलगी म्हणून आणून दिलं होतं, कारण केस पाठीवर लोळत होते. आंघोळ घालताना मार्थाला कळलं की मुलगा आहे. तोंडातून शब्द नाही. नाव विचारलं की नुसता बघायचा. आम्ही त्याला पाहुणा म्हणायला लागलो. उद्या दुपारी पुण्याहून गाडी येणार होती आणि पाहुण्याला तिथल्या बालगृहात नेणार होते. बालकल्याण समितीचा तसा आदेशच होता. मार्था दोन दिवस धड जेवली नव्हती. एकदा पोर तिकडे गेलं की त्याचा माग काढत कोण येणार, असं ती म्हणायची. मला ते पटत होतं, पण माझी काळजी वेगळी होती. ते भलत्याच्या हातात गेलं तर?

त्या दिवसांत मोबाईलवर एकच गोष्ट फिरत होती, मुलं पळवणारी टोळी छावण्यांमधून हिंडते आहे म्हणून. मार्था म्हणे, अफवा आहे. मी म्हटलं, असेना, बघायला काय जातं? म्हणून मी सगळ्यांवर नजर ठेवून होतो. बिस्किटं वाटायला येऊन फोटो काढणाऱ्यांवर, चादरी मोजून नेणाऱ्यांवर, आणि आमच्या स्वयंपाकाच्या सखूबाईवरसुद्धा. ही बाई कासुर्डीहून यायची. हाताला चव होती, पण मला तिचा संशय होता. भांड्यांच्या फळीवर, सगळ्यात वर, तिने एक फडक्याचं गाठोडं ठेवलं होतं. कुणी फळीजवळ गेलं की ही हातातलं काम टाकून तिकडे बघायची. दूध पावडरचे डबे माझ्या हिशेबाने कमी भरत होते. मी एकदा सहज म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माझं हाय ते." संपलं. चोर असंच बोलतो, तोडून.

आणि मग तो माणूस आला.

भर उन्हाचा, पायी, चौफुल्याच्या बाजूने. डोक्याला पांढरी टोपी, अंगात दुसऱ्याचा शर्ट, कारण खांदे खाली उतरलेले. मिशी नाही. आमच्याकडे या वयाचा, या बांध्याचा माणूस बिनमिशीचा दिसत नाही. मी तिथेच पहिली खूण केली. नाव सांगितलं जालिंदर. धनगर. मेंढरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, नदीच्या पलीकडे, शिरूरच्या अंगाला उतरला होता. पाणी आलं त्यात मेंढरं गेली, म्हातारा बाप गेला, बायकोचा पाय मोडला, ती शिरूरला सरकारी दवाखान्यात आहे. पोराला बोटीत दिलं ते शेवटचं. तिकडच्या सगळ्या छावण्या पालथ्या घातल्या. काल एक बोटवाला भेटला, तो म्हणाला बारकी पोरं पलीकडं उतरवली. मग कोरेगाव भीमावरून पुण्याला, पुण्याहून इकडे, मिळेल त्या गाडीने.

हे सगळं तो खाली बघून सांगत होता. मी आधार कार्ड मागितलं. वाहून गेलं. पोराचा फोटो? फोन वाहून गेला. काय राहिलंय तुमच्याकडे, मी विचारलं. त्याने टोपी कपाळावर ओढली.

पोर कसं दिसतं म्हणून विचारलं तर म्हणाला, लांब केसांचं, दोन वेण्या. नवसाचं आहे. आधीची दोन गेली म्हणून जावळ काढलेलं नाही, पाचव्या वर्षी देवाला नेऊन काढायचं आहे. आता लांब केसांचं पोर बोटीतून उतरलं हे अर्ध्या केडगावने बघितलं होतं. कुणालाही माहीत असणार. मला त्याने काही सिद्ध होत नव्हतं.

हॉलमध्ये मुलं पंगतीला बसली होती. मी जालिंदरला दारात उभं केलं आणि म्हटलं, यातलं तुमचं कोणतं ते दाखवा. पाहुणा तिसऱ्या पानावर, वरणभात चिवडत बसला होता. जालिंदरने पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग परत फिरवली. पाहुण्यावरून त्याची नजर सरळ पुढे गेली. पाहुण्यानेही मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा भातात बोटं घातली.

"न्हाई," जालिंदर म्हणाला. "ह्यात न्हाई."

मला आतून आनंदाची उकळी फुटली, खरं सांगतो. बिनतिकिटाचा प्रवासी बरोबर सापडावा तसं झालं. पोर समोर बसलंय, बापाला ओळखू येत नाही, पोराला बाप ओळखू येत नाही. याहून मोठा पुरावा काय हवा? मी मार्थाला बाजूला घेऊन म्हटलं, पोलिसांना फोन कर. मार्था घुटमळली. तिचं म्हणणं, हा माणूस खोटं बोलत असता तर त्याने एखाद्या पोराकडे बोट दाखवलंच असतं. मी म्हटलं, चुकीचं बोट दाखवायला भ्याला तो. तुला माणसं कळत नाहीत.

एव्हाना फाटकाबाहेर पाचसहा जण जमले होते. कुणीतरी टोळी हा शब्द उच्चारला. जालिंदरने तो ऐकला. पळाला नाही, फाटकाच्या खांबाला टेकून खाली बसला.

"आप्पा," तो मला म्हणाला, "डाव्या येणीत कवडी हाय. बायकूच्या आईनं दिल्याली, दिष्ट लागू नये म्हून. कवडीवाली येणी कुणी बघितली का, तेवढं इचारा. दुसरं काय मागत न्हाई."

मी म्हटलं, इथे कुठल्याच पोराच्या केसात कवडी सापडली नाही. माझ्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं. पाहुणा आला तेव्हा वेण्या कुठे होत्या? चिखलाने सगळ्याचा एकच गठ्ठा झाला होता आणि त्यात उवा वळवळत होत्या. इतक्या मुलांना एकत्र झोपवायचं म्हणून मार्थाने सरसकट सगळ्यांची डोकी बारीक करायला सांगितली होती. सलूनवाला डॅनी मशीन घेऊन आला. बाकीची मुलं बसली. हाच एक हात लावू देईना. शेवटी मी खुर्चीवर बसलो, त्याला मांडीवर घट्ट धरलं आणि डॅनीने मशीन चालवलं. पोर माझ्या शर्टात तोंड खुपसून थरथरत होतं. नंतर सखूबाईने जमीन झाडून घेतली.

हे सगळं मला आठवत होतं आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. केस उतरले की पोर ओळखू येत नाही, हे मला सुचलं नाही. बाप म्हटल्यावर त्याने ओळखलंच पाहिजे, एवढंच मी धरून बसलो.

तेवढ्यात मला दिसलं, सखूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. पदराखाली काहीतरी होतं. आम्ही सगळे फाटकात गुंतलेले बघून हिने वेळ साधली, असं मला वाटलं. मी तसाच गेलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो. दोन चोर एका दमात, असा माझा हिशेब. म्हटलं, गाठोडं उघड. ती म्हणाली, आप्पा, जरा बाजूला चला. मी म्हटलं, बाजूला नाही, इथेच, सगळ्यांसमोर.

तिने माझ्याकडे असं बघितलं की आजही आठवलं तर मान खाली जाते. "मंग उघडा तुम्हीच," ती म्हणाली.

मी गाठ सोडली. आत केस होते. चिखल धुतलेले, तेल लावून विंचरलेले, लांब केस. त्यांची सखूबाईने पुन्हा एक वेणी घातली होती आणि वेणीच्या टोकाला, काळ्या दोऱ्यात, एक छोटी कवडी.

जालिंदर उठला. जवळ आला. त्याने कवडीला एका बोटाने हात लावला आणि टोपी काढली. डोक्यावर जेमतेम खुंट उगवलेले. बापाचा दहावा करून आलेला माणूस. मिशी का नाही ते मला तेव्हा कळलं. पोराला तो का ओळखू आला नाही, तेही.

"कवा मेलं?" त्याने विचारलं.

मार्था धावत आली, जिवंत आहे, जिवंत आहे म्हणत. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. देवाला द्यायचं जावळ फडक्यात बांधून कुणी समोर ठेवलं, तर बापाने दुसरं काय समजावं? मी त्याच्या दंडाला धरलं आणि ओढतच हॉलमध्ये नेलं. तिसऱ्या पानासमोर उभं केलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एक बोडका बाप आणि एक बोडकं पोर. पाहुण्याने ओठ काढले, आता रडणार असं वाटलं. मग जालिंदर गुडघ्यावर बसला आणि त्याने जिभेने आवाज काढला, मेंढरांना पाण्यावर बोलवताना काढतात तो, टाळूला जीभ लावून घोळवलेला. पोराचा हात भातात थांबला. त्याने तोंड उघडलं आणि तोच आवाज काढला. इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून निघालेला पहिला आवाज. मग ते उठलं आणि भाताच्या हातांनी बापाच्या गळ्याला मिठी मारली.

"बिरू," जालिंदर म्हणत होता. "बिरू, माझ्या राजा."

मार्था रडत होती. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की खिडकीतून उडी मारावी.

सखूबाईने नंतर सांगितलं, केस झाडताना कधीच न कापलेली टोकं बघून तिला कळलं होतं की हे नवसाचं जावळ आहे. पण तोवर ते निघून गेलेलं. माणसं आली आणि चर्चच्या लोकांनी देवाचं जावळ उतरवलं असं कुणी उठवलं, तर सगळ्यांवरच शेकेल, म्हणून ती गप्प राहिली. आत्ता जालिंदरला द्यायलाच निघाले होते, म्हणाली. मागच्या दाराची वाटही तिथूनच जाते. पण ती नक्की कुठे निघाली होती ते मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एवढा संशय मी तसाच सोडून दिला.

मार्थाने समितीला फोन लावला. उद्याची गाडी थांबली. मात्र आईने बघून पोर ओळखेपर्यंत आमच्यापैकी कुणीतरी सोबत राहायचं ठरलं. निघताना जालिंदरने विचारलं, "जावळ काढलं कुणी?"

मी डॅनीचं नाव सांगितलं असतं. पण म्हटलं, पुरे झालं आता. "मशीन डॅनीचं," मी म्हणालो. "पण पोर धरलं मी. माझ्या मांडीवर."

त्याने बिरूच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. "जावळ मामाच्या मांडीवर काढायचं आसतं," तो म्हणाला. "ह्याच्या आईला भाऊच न्हाई. मांडी कुणाची घ्यायची, ह्यावरनं घरात रोज भांडान व्हतं." आणि बिरूला खांद्यावर घेऊन तो मार्थाने बोलावलेल्या गाडीत बसला.

त्याच्यासोबत मीच शिरूरला गेलो.

दवाखान्यात त्याची बायको पाय वर बांधून पडली होती. बिरू तिच्या अंगावर झेपावला. तिने त्याला छातीशी आवळलं, मग तिचा हात त्याच्या डोक्यावर गेला आणि तिथेच थांबला. जालिंदरने वेणी तिच्या उशाशी ठेवली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मामाच्या मांडीवर निघालं."

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. पायातले बूट, पांढरे केस, गळ्यातला क्रूस. सगळं एकेक करून, काही न सोडता. असं मी जन्मभर लोकांना बघत आलो. मला कुणी बघितलं नव्हतं. माझे हात उगाचच खिसे चाचपायला लागले, जणू दाखवायला काही सापडेल.

मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पलंगाची कड हाताने पुसली.

"दादा," ती म्हणाली, "उभं का? बसा की."