एका लाइनला एक फोन

"यादी द्या," दौलतराव साहेब म्हणाले.

बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. प्राजक्ता टेबलासमोर उभी, आणि साहेब फाइलमध्ये डोकं घालून. प्लांट हेडच्या केबिनमध्ये माणसाला ताटकळत ठेवणं हाही कामाचाच भाग असतो, असं या माणसाने कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये शिकून घेतलं असावं.

"कसली यादी, सर?"

"तुमच्या त्या ॲपमध्ये कोण कोण लिहितं, त्याची. नावासकट. आणि लिंक. आयटीवाला कालपासून डोकं आपटतोय, त्याला काही उघडत नाही."

उघडणार नव्हतंच. तशीच तजवीज होती. पण ॲप आहे हे दौलतरावाला कळलं ते प्राजक्ताच्याच तोंडून. सोमवारी सात नंबरच्या प्रेसमध्ये ज्योतीरामची दोन बोटं गेली, आणि मंगळवारच्या मीटिंगमध्ये हेच साहेब म्हणाले की हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर त्याने स्वतःच बायपास केला असणार. तेव्हा हिच्या अंगाचा तिळपापड झाला. "याची तक्रार आधीच आलीय, माझ्याकडे नोंद आहे," असं ती बोलून बसली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"शुक्रवारी अकराला चौकशी आहे," दौलतराव म्हणाले. "बाहेरचे वकील येतील. तुमची नोंद खरी असेल तर अख्खी दाखवा, सगळ्यांच्या नावांसकट. नाहीतर ज्योतीरामचा जबाब तयार आहे. चूक माझी, असं तो सही करून देईल. आणि कंपनीची माहिती तुम्ही घरच्या मशीनवर ठेवता, त्याचं पत्र तुम्हाला वेगळं मिळेल."

जबाबावर सही झाली की ज्योतीरामचं कंत्राट संपणार, आणि दोन बोटं नसलेल्या ऑपरेटरला चाकणमध्ये दुसरं कोण कामावर घेणार? हे दौलतरावालाही ठाऊक होतं. म्हणूनच तो इतका निवांत होता.

प्राजक्ता मेंटेनन्सची इंजिनिअर. कंपनीच्या सिस्टीममध्ये तक्रार टाकली की ती मंजुरीसाठी साहेबांकडे जायची आणि संध्याकाळपर्यंत लाल खुणेची हिरवी व्हायची. मशीन होतं तसंच. चार वेळा असं झाल्यावर तिने स्वतःचं ॲप लिहिलं. ते आणि त्याला लागणारं सगळं सामान एका कंटेनरमध्ये भरलं, म्हणजे बंद डबाच म्हणा, कुठल्याही मशीनवर ठेवा, आतली भाजी तीच. हा डबा चऱ्होलीतल्या तिच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजवरच्या जुन्या लॅपटॉपवर चालायचा. ॲप तिने इंटरनेटच्या चव्हाट्यावर मांडलं नव्हतं. लॅपटॉप आणि काही ठरावीक फोन यांचं खासगी जाळं केलं होतं. जो फोन तिने स्वतः आत घेतला, त्यालाच दार दिसायचं. बाकी कुणी कितीही ठोठावलं तरी समोर कोरी भिंत.

इथवर सगळं शहाणपणाचं होतं. गाढवपणा पुढे झाला. ऑपरेटरांचे फोन गेटवर जमा होतात. पिशवीत फोन टाकायचा, सिक्युरिटीकडून टोकन घ्यायचं, सुटताना टोकन देऊन फोन घ्यायचा. आत फोन नेता येतो तो फक्त सुपरवायझरला. म्हणून प्राजक्ताने ठरवलं, एका लाइनला एक फोन. सगळे त्याच फोनवरून लिहितील. प्रेस लाइनचा फोन होता रोहिदासचा, त्यामुळे त्या लाइनच्या चौतीसच्या चौतीस नोंदी रोहिदासच्या नावावर पडल्या होत्या. त्यातच मागच्या गुरुवारची होती: 'प्रेस ७ सेन्सर बायपास. हात आत असला तरी चालते. ४१.'

आणि रोहिदासला प्राजक्ता डोळ्यांसमोर नको असायची.

प्रेस शॉप जिथे उभं आहे तिथे एके काळी रोहिदासच्या आजोबांचा कांदा पिकायचा. जमीन गेली, नोकरी मिळाली, आणि गावकीचा ताठा तेवढा राहिला. एकदा प्राजक्ताने त्याची लाइन तीन तास बंद पाडली होती, ते त्याने अजून गिळलं नव्हतं. बुधवारी शिफ्ट सुटल्यावर तिने त्याला कंपनीबाहेरच्या टपरीवर गाठलं.

"रोहिदासभाऊ, गुरुवारची नोंद तुमच्या फोनवरून आलीय. चौकशीत तेवढं सांगा."

"म्या न्हाई लिहिली."

"तुम्ही नसेल लिहिली. पण फोन तुमचा होता, एवढं तर..."

"एवढं म्हणजे?" त्याने चहाचा कप आदळला. "फोन माझा, मंजी मला ठाव व्हतं. ठाव व्हतं तर लाइन का चालवली? हेच इचारणार ना तो वकील? मॅडम, तुमी घरी बसून खेळणं बनवलं, आन नाव माझं लावलं. कुणी काय लिहिलं त्याचा धनी मी? आधी माझा फोन त्यातनं काढा."

"आणि ज्योतीराम?"

"त्याची बोटं मी कापली न्हाईत!" तो इतक्या जोरात ओरडला की बस धरायला निघालेली माणसं वळून बघायला लागली. मग आवाज खाली आणून, दात ओठ खात म्हणाला, "परत माझ्याकडं येऊ नका."

प्राजक्ताला राग आला तो त्याचा नव्हे. त्याचं म्हणणं खरं होतं, याचा आला. जाळं एवढं चोख बांधलं, परक्याला वाऱ्यालाही उभं केलं नाही, आणि आतल्या माणसांना मात्र एका गड्याच्या नावावर कोंबलं.

गुरुवारी दुपारी ती ज्योतीरामच्या खोलीवर गेली. परभणीकडचा माणूस, बायको गोजाबाई, एक खोली. उजव्या हाताचं बँडेज त्याने उशीवर ठेवलं होतं. नोंद कुणी लिहिली ते कळायला मार्ग नाही, असं ती सांगू लागली, तर तोच बुचकळ्यात पडला.

"कळत कामून नाही, ताई? म्याच लिवलं होतं. खाली नंबर टाकलाय की."

"कुठला नंबर?"

"एक्केचाळीस. टोकन. माझं टोकन ठरलेलंच हाय, गेटच्या वहीत नाव हाय. हत्यार घेताना, कॅन्टीनच्या चिठ्ठीवर, सगळीकडं आमी तोच टाकतो. सगळेच टाकतात."

प्राजक्ताने फोन काढून ॲपमधलं प्रेस लाइनचं पान उघडलं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी असलेले ते दोन आकडे तिने चार महिने पाहिले होते. पार्टचा नंबर असेल, काहीतरी असेल, म्हणून सोडून दिले होते. एवढं शिकलेली बाई, आणि एकदाही विचारलं नाही. गेटची वही उघडली की एक्केचाळीस कोण ते कळणार होतं. ज्योतीराम सुटणार होता.

आनंद जिन्यापर्यंतही टिकला नाही. त्या पानावर नुसतं एक्केचाळीस नव्हतं. सतरा होता, बावीस होता, छप्पन्न होता. पान वकिलासमोर उघडलं की दौलतरावाच्या हातात गेटची वही होतीच. यादी मागायचीही गरज नाही. सगळे कंत्राटी, सोमवारी एकेकाला घरी बसवलं असतं.

एकच नोंद कापून दाखवली तर दौलतराव म्हणणार, काल घरी बसून टाइप केली. अख्खं पान दाखवलं तर सुक्याबरोबर ओलंही जळणार. बसमध्ये बसून तिने प्रेस लाइनच्या पानावर निरोप टाकला: 'उद्या अकराला हे पान चौकशीत उघडावं लागेल. टोकनवरून नावं कळतील. ज्याला नको असेल त्याने आपली नोंद नऊच्या आत काढून टाकावी. मला राग नाही.' ॲपमध्ये लिहिलेलं बदलता येत नव्हतं, काढता यायचं, किंवा खाली नवीन जोडता यायचं. लिहिणाऱ्याचा हक्क लिहिणाऱ्याकडे, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

निरोप पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं की तो पोचला एकाच फोनवर. रोहिदासच्या. त्याने कुणाला दाखवलाच नाही तर? सगळ्या नोंदी त्याच्याच नावावर, मनात आणलं तर पान बसल्या जागी साफ. घरी जाऊन कॉपी काढून ठेवायला दोन मिनिटं लागली असती. फ्रिजसमोर ती उभीही राहिली. पण लोकांना काढा म्हणायचं आणि मागून कॉपी ठेवायची, मग आपल्यात आणि दौलतरावात फरक काय? तिने लॅपटॉपला हात लावला नाही. स्वतःला चार शिव्या मात्र घातल्या.

शुक्रवारी सकाळी नऊला तिने पान उघडलं. चौतीसपैकी तेरा उरल्या होत्या. एकवीस जणांनी आपली नोंद काढली होती, आणि बिचाऱ्यांचं काय चुकलं? पण मागच्या गुरुवारची ज्योतीरामची जागेवर होती. आणि बाकीच्या बाराही नोंदींखाली आज सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान एकेक नवीन ओळ जोडलेली होती. टोकन नव्हे, पूर्ण नाव. कुणाचं मराठीत, कुणाचं हिंदीत, एकाचं नुसत्या चुकांनी भरलेलं. शिफ्ट लागताना फोन हातोहात फिरल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं. फोन कुणी फिरवला असेल? ती खाली सरकली. शेवटची ओळ होती:

'प्रेस ७ चालू ठेवा असं मी सांगितलं. मला दौलतराव साहेबांनी सांगितलं. रोहिदास. सुपरवायझर.'

अकराला वकिलांचा फोन तिने स्वतःच्या हाताने जाळ्यात घेतला आणि पान त्यांच्यापुढे केलं. दौलतराव टेबलावरून वाकले. "मलाही ॲक्सेस द्या."

"तुम्हाला नाही," प्राजक्ता म्हणाली. वकिलांनी वाचायचं तेवढं वाचलं आणि गेटची वही मागवली. मग रोहिदासला विचारलं, हे तुम्हीच लिहिलंत का?

"व्हय. मीच." त्याने प्राजक्ताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वकिलांनी ज्योतीरामचा तयार जबाब उलटा करून बाजूला ठेवला आणि अहवालात लिहिलं, चूक कामगाराची नाही. दौलतराव त्यांच्याशी हुज्जत घालत राहिले. पण ओळ खोडली गेली नाही.

दौलतराव साहेबांची खुर्ची हलली नाही. तसलं काही होत नसतं. सोमवारी प्राजक्ताच्या हातात खुलासा मागणारं पत्र पडलं, सात दिवसांची मुदत. आणि रोहिदासचं सुपरवायझरपण काढून त्याला ऑपरेटर म्हणून प्रेसवर उभं केलं. सकाळी गेटवर, आजोबांच्या शेताच्या बांधावर, तो पोरांच्या रांगेत उभा राहिला, फोन पिशवीत टाकला आणि टोकन घेतलं. नवा सुपरवायझर दौलतरावाचा माणूस. म्हणजे ॲपचं दार उघडेल असा एकही फोन आता प्रेस लाइनवर नव्हता.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत रोहिदास मेंटेनन्सच्या दारात येऊन उभा राहिला. हात तेलाने काळे, कपाळावर तीच आठी.

"तुमच्यामुळं झालं हे," तो म्हणाला. "घरात तोंड दाखवायला जागा न्हाई. बाप दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई."

प्राजक्ता खुर्चीतून उठली. "रोहिदासभाऊ, मी..."

"बोलू नका. तुमचं बोलणं नकोच मला." त्याने हात पॅंटला पुसला आणि पुढे केला. "फोन द्या तुमचा. चार नंबरच्या प्रेसचा सेन्सर बायपास केलाय आज. लिहायचंय."

तिने फोन दिला. दारातच, पाठ फिरवून, एका बोटाने शोधत शोधत त्याने लिहिलं. नोंद तिच्या नावावर पडली. शेवटी त्याने टोकनचा आकडा टाकला, एकोणसाठ, आणि त्याच्यापुढे आपलं पूर्ण नाव.