डब्याच्या झाकणावरचा आकडा

पाचव्या रविवारीही वजनकाट्याने तोच आकडा दाखवला, तेव्हा वरच्या ताईंनी काट्याला सणसणीत लाथ घातली.

"तुझ्या नानाची टांग! मेल्या, पाच आठवडे झाले, हल की जरा!"

काटा हलला नाही. एकशे सात म्हणजे एकशे सात. ताई दुखरा अंगठा धरून पलंगावर बसल्या आणि काट्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिल्या. स्वयंपाकघरातून नवऱ्याने हळूच डोकं बाहेर काढलं आणि रागरंग बघून तितक्याच हळू आत घेतलं.

त्यांना वरच्या ताई म्हणत, कारण त्या वर बसत. पाइपांच्या कारखान्याच्या आवारात उंचच उंच क्रेन होती आणि तिच्या केबिनमध्ये एकोणीस वर्षं ताईंचा मुक्काम. मुकादमापासून रखवालदारापर्यंत सगळ्यांना त्यांच्याशी मान वर करून बोलावं लागे, आणि ताईंना ते मनापासून आवडे. का आवडू नये? एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाला साधा ओरखडा आला नव्हता.

आणि आता नवा नियम. शिडी चढताना कमरेला लावायचा सुरक्षेचा पट्टा म्हणे शंभर किलोच्या माणसापर्यंतच. दहा आठवड्यांनी तपासणी, शंभरच्या वर भरलात तर केबिनची किल्ली जमा. मुकादमाने ते पत्रक सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि वर स्वतःचा चावटपणा जोडला, "ताई, क्रेनला आधी तुम्हाला उचलायला लावू या का?"

सगळे फिदीफिदी हसले. हसणाऱ्यांत तिघांची पोटं अशी होती की त्यांना आपल्या बुटांच्या नाड्या दिसत नव्हत्या. पण ते जमिनीवर काम करणारे, त्यांना कोण विचारतो? ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दहा आठवड्यांनी बोलू," एवढंच म्हणून त्या शिडी चढल्या.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खाण्याची यादी लिहून दिली. भात दीडशे ग्रॅम, राजमा शंभर, भाज्या, अंडी, सगळं नीट मांडून. "दिवसाला सोळाशे कॅलरी. आणि कान उघडे ठेवून ऐका, चौदाशेच्या खाली जायचं नाही. आठवड्याला अर्धा-पाऊण किलो उतरलं तरी भरपूर आहे. महिन्याने दाखवायला या."

यादी नवऱ्याने ताब्यात घेतली. तो एका मोठ्या वसतिगृहात आचारी होता, रोज तीनशे पानांचा स्वयंपाक. "तू फक्त खा. मोजायचं माझ्याकडे लागलं," तो म्हणाला. पहाटे उठून तराजूवर एकेक जिन्नस मोजायचा, मग शिजवायचा आणि डब्याच्या झाकणावर पेनाने कॅलरींचा आकडा लिहायचा. पाचशे वीस. पहिल्या दिवशी ताईंनी डबा उघडला तर आत भात दाबून भरलेला.

"डॉक्टरीणबाईंचा हात बराच सढळ दिसतो हो!"

"ग्रॅमचाही फरक नाही," नवरा छाती फुगवून म्हणाला.

आता पाच आठवडे हा सढळ हात, आणि काटा जागच्या जागी. दाखवायला जायचा महिना उलटून गेला होता, पण जातील तर त्या ताई कसल्या? तोच आकडा घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर उभं राहायचं? त्यापेक्षा इलाज आपणच करू. आवारात टार्गेट म्हणजे मागे टाकायची गोष्ट. दिवसाला पाइपांचे चाळीस गठ्ठे ठरले की ताई पंचेचाळीस उचलणार, हा शिरस्ता. सोळाशेने भागत नाही ना? मग सोळाशेच्या खाली. जितकं खाली, तितकी शाबासकी.

सकाळचं खाणं बंद. दुपारच्या डब्यातले चार घास त्यांचे, उरलेला डबा रखवालदाराच्या कुत्र्याचा. रात्री एक अंडं, आणि "कामावरच पोट भरलं हो" ही थाप. तीन आठवड्यांत कुत्रा गुटगुटीत झाला आणि ताई एकशे तीनवर आल्या. पोटात कावळे ओरडत होते, शिडीच्या मध्यावर धाप लागत होती, घरी नवऱ्याने चमचा पाडला तरी त्या त्याच्या अंगावर धावून जात होत्या. पण एकशे तीन! मुकादमाच्या नाकावर टिच्चून उभं राहायला आता तीनच किलो बाकी होते.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला बारा पाइपांचा गठ्ठा हवेत होता. खाली सिग्नलवाला पिवळं हेल्मेट घालून हातांनी खुणा करत होता. दोन मुलींचा बाप, ताईंचा नऊ वर्षांचा जोडीदार. त्याने डावीकडे खूण केली आणि ताईंना दोन पिवळी हेल्मेटं दिसली. मग तीन. तळहात घामाने चिंब झाले आणि डोळ्यांपुढे अंधार आला.

त्यांनी हातातला दांडा सोडला. क्रेन जागीच थांबली, पण गठ्ठा झुलत राहिला, अगदी त्या पिवळ्या हेल्मेटाच्या जवळ. वॉकीटॉकी कशीबशी तोंडाशी धरून त्या ओरडल्या, "भाऊ, पळ! सगळ्यांना लांब ने! मला दिसत नाहीये!"

तो पळाला. आवार रिकामं झालं. ताईंनी डोकं गुडघ्यांत घालून श्वास घेतला, अंधार थोडा विरळ झाल्यावर गठ्ठा इंचाइंचाने जमिनीवर टेकवला आणि मगच रडल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना दोघांनी धरून खाली उतरवलं.

दवाखान्यात नवरा ॲप्रनसकट धावत आला. ताईंनी खाण्याचं सगळं खरं सांगून टाकलं. त्यांचा न उघडलेला डबा डॉक्टरीणबाईंनी उघडला आणि त्या बघतच राहिल्या.

"हे पाचशे वीस? एवढा भात?"

"दीडशे ग्रॅम तांदूळ. माझ्या हाताने मोजलेत."

"तांदूळ? कच्चे?"

"मग काय शिजवलेले मोजू?" नवरा चक्रावला. "अहो बाई, तीनशे माणसांचं सामान कच्चंच मोजून काढतात. शिजल्यावर कोण मोजतं?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "यादी शिजलेल्याची आहे हो! दीडशे ग्रॅम तांदळाचा भात चारशेच्या वर भरतो. राजम्याचंही तेच. तुम्ही यांना जवळजवळ दुप्पट वाढत होतात."

मग ताईंचा जो स्फोट झाला, तो बाहेरच्या फाटकापर्यंत ऐकू गेला.

"पाच आठवडे! पाच आठवडे मी काट्याला शिव्या घातल्या, स्वतःला शिव्या घातल्या, आणि तुम्ही ग्रॅमचाही फरक नाही म्हणून मिरवत होतात? आणि बाई, तुम्ही! शिजलेलं हा एक शब्द लिहायला शाई संपली होती का? तो भाऊ आज गठ्ठ्याखाली गेला असता!"

"चुकलंच माझं. लिहायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण उपाशी राहायला मी सांगितलं नव्हतं. चौदाशेच्या खाली नाही, हे स्पष्ट म्हटलं होतं. महिन्याने आला असतात तर तेव्हाच उलगडलं असतं."

ताईंनी डब्याचं झाकण खाडकन बंद केलं; बाईंचं पटलं, याचाच त्यांना जास्त राग आला होता.

तपासणीला दोन आठवडे उरले होते. नीट खाल्लं तर फार तर दीड किलो उतरणार, म्हणजे किल्ली गेली. आणखी उपास काढले तर किल्ली राहिली. दोन दिवस सक्तीच्या रजेवर ताई घरात हे गणित करत बसल्या. नवऱ्याशी अबोला होता. तिसऱ्या दिवशी कामावर निघताना त्याने डबा पुढे केला. झाकणावर लिहिलं होतं, पाचशे वीस, आणि खाली मोठ्या अक्षरांत, शिजलेलं. त्याचे डोळे सुजले होते.

ताई डबा घेऊन निघाल्या. दुपारी कुत्रा शेपटी हलवत आला. ताईंनी डबा उघडला. समोर भाऊ पिवळं हेल्मेट उशाला घेऊन जमिनीवर आडवा झाला होता, तोंड उघडं टाकून घोरत होता.

"चल, हट!" त्या कुत्र्यावर खेकसल्या आणि सगळा डबा संपवला.

तपासणीच्या दिवशी काट्याने एकशे एक पूर्णांक चार दाखवलं. मुकादमाने हात पुढे केला. ताईंनी गळ्यातली किल्ली काढून त्याच्या तळहातावर आपटली.

"दोन-अडीच आठवड्यांनी परत न्यायला येते. घासून-पुसून ठेवा."

"काय हे ताई," मुकादम चुकचुकला. "चार-आठ दिवस अजून उपासाची कळ काढली असतीत तर बसला असतात की हो. एवढ्याशा दीड किलोसाठी!"

ताई त्याच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दोघं इतक्या जवळून, समोरासमोर बोलत होते, आणि तो त्यांच्यापेक्षा चांगला वीतभर बुटका निघाला.

"बसले असते. उपाशीपोटी वर बसले असते आणि तुम्ही खाली उभे असता. उभे राहिला असता?"

मुकादमाने नकळत मान वर करून क्रेनच्या हुकाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"तेच म्हणते मी," ताई म्हणाल्या, आणि डबा खायला भाऊच्या शेजारी जमिनीवर बसल्या.