केंडारियसच्या पत्राची शेवटची ओळ

मागची बाजू

केंडारियस वॉमॅक सकाळी नऊ वाजता माझ्या खुर्चीत बसला. गुडघे आरशाखालच्या फळीला टेकले. सहा फूट दहा इंच. त्याच्यासाठी मी खुर्ची तळापर्यंत खाली घेतो, तरी डोक्याच्या वरच्या भागाला हात लावायचा तर दुधाच्या क्रेटवर उभं राहावं लागतं.

मी अल्व्हेस्टर टेटम, गावात सगळे व्हेस म्हणतात. पाइन ब्लफमध्ये छत्तीस वर्षं केस कापतोय. दुकानाच्या पाटीवर 'टेटम आणि मुलगा' असं लिहिलंय. मुलगा डॅलसला विमा विकतो.

कॉलेजची दोन वर्षं संपवून केंडारियस निघणार की अजून थांबणार, हे त्या शनिवारी ठरायचं होतं. जूनमध्ये बास्केटबॉलचे मोठे संघ पोरं निवडतात, सबंध देशातून जेमतेम साठ. त्या यादीत नाव द्यायचा तो शेवटचा दिवस. नाव दिलं, कॉलेज सोडलं आणि कोणी निवडलं नाही, तर दोन्हीकडून गेला. नाही दिलं आणि पुढच्या हंगामात गुडघा गेला, तरी गेलाच. गावात प्रत्येकाचं मत होतं. त्याचं काय, ते कोणाला माहीत नव्हतं.

मी मानेपासून सुरुवात केली. मान दगडासारखी होती.

डावी बाजू

निघणारा खेळाडू आमच्या इकडे पत्र लिहितो आणि फोनवरून जगाला दाखवतो. देवाचे आभार, आईचे, कोचचे, सवंगड्यांचे. मग शेवटी 'हे सगळं सांगून झाल्यावर, मी...' आणि मग काय ते. थांबणाराही पत्र लिहितो. देवाचे आभार, आईचे, कोचचे. दोन्ही पत्रं शेवटच्या ओळीपर्यंत हुबेहूब सारखी असतात. म्हणून लोक आधी शेवटची ओळ वाचतात.

केंडारियसचं पत्र असं होतं:

*देवाचे आभार. माझी आई लॉरेन हिचे आभार. कोच हारगिस आणि सगळ्या संघाचे आभार. पाइन ब्लफचे आभार. हे सगळं सांगून झाल्यावर, मी*

पुढे काही नव्हतं. केस झाले की लिहितो म्हणाला.

बाकावर डीकन पर्विस, आमच्या चर्चचे कारभारी, बसले होते. त्यांच्या डोक्यावर एकोणीसशे नव्वदपासून केस नाहीत, पण शनिवार चुकवत नाहीत. त्यांनी फोन मागून घेतला आणि नाकासमोर धरून वाचला. देवाला दोन शब्दांत उरकलंय, असं त्यांचं म्हणणं पडलं. रविवारच्या शाळेत ज्या पोराला त्यांनी अख्खं स्तोत्र पाठ करायला लावलं, त्याने एवढी कंजुषी करू नये. त्यांनी स्तोत्रातल्या चार ओळी घातल्या. मग चर्चचं नाव. मग, चर्च आलंच आहे म्हणून, तिथल्या डीकनांचं.

मी डाव्या कानाभोवती यंत्र फिरवत राहिलो. पण त्याचे पहिले केस मीच कापले होते, दोन वर्षांचा असताना. आईच्या मांडीवर बसून तो माझ्या अंगठ्याला चावला होता. हे मी सहज बोलून दाखवलं. एकदा. मग आणखी एकदा.

"लिहा ना मिस्टर व्हेस," तो म्हणाला. त्याचे हात कापडाखाली होते.

गरम टॉवेल

मी त्याच्या तोंडावर गरम टॉवेल टाकला आणि फोन घेतला. लिहिलं: *मला माणसात ठेवल्याबद्दल टेटम आणि मुलगा या दुकानाचे आभार, मेन स्ट्रीट, सोमवारी बंद.*

असं पत्र फोनवर एकाच चित्रात टाकायचं असतं, आणि आता ते त्यात मावेना. डीकन म्हणाले, काहीतरी काढावं लागेल. स्तोत्र काढता येत नव्हतं, ते देवाचं होतं. आई काढता येत नव्हती. माझी ओळ तर आत्ताच लिहिली होती.

"खालचं काढ," मी म्हणालो. "खाली ते एक अर्धवट वाक्य आहे."

अर्धवट वाक्य पत्रात शोभत नाही, हे डीकनांनाही पटलं. त्यांनी ते काढलं. पत्र चित्रात नीट बसलं.

"पाठवू का रे?" त्यांनी विचारलं.

टॉवेलखालून आवाज आला, "हं."

पुढे केंडारियसने सांगितलं की टॉवेल फार गरम होता, म्हणून तो कण्हला होता.

उजवी बाजू

टॉवेल काढला तोवर ते पत्र अकरा हजार लोकांनी पाहिलं होतं. केंडारियसने वाचलं. दोनदा वाचलं. मग फोन कापडावर उपडा ठेवला आणि आरशात बघत बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. मी उजव्या बाजूचं काम काढलं, कारण अशा वेळी हाताला काहीतरी लागतं.

फोन वाजला. कोच हारगिस. हात पुन्हा कापडाखाली घेतले होते, म्हणून त्याने मला फोन मोठ्या आवाजात लावायला सांगितलं.

कोच म्हणाले, पत्र वाचलं. एवढे आभार माणूस निघतानाच मानतो. वाईट वाटतंय, पण समजू शकतो. दोन वर्षं छान खेळलास. आणि मग, घसा साफ करून, म्हणाले की टल्साचा एक उंच मुलगा बरेच दिवस विचारत होता, त्याला आत्ताच हो सांगितलं. जागा रिकामी ठेवून चालत नाही. डीकनांनी कपाळाला हात लावला.

मी तेव्हा त्याच्या मानेवर वस्तरा फिरवत होतो. तीच मान. लोण्यासारखी मऊ पडली होती. मला वाटलं धक्क्याने पोराच्या अंगातलं बळ गेलं.

कपाळ

आता उरली होती कपाळावरची रेघ. केस जिथे सुरू होतात ती कड आम्ही सरळ कापतो, पट्टी ठेवल्यासारखी. फोटोत तीच दिसते. मी क्रेटवर चढलो. अर्धी रेघ झाली आणि फोन पुन्हा वाजला.

हा लिटल रॉकचा एजंट होता, ज्याने केंडारियसला मोठ्या संघांपर्यंत न्यायचं कबूल केलं होतं. तो म्हणाला, पत्र वाचलं, त्यात जायचा शब्दही नाही. म्हणजे थांबतोयस. शहाणा आहेस. खरं सांगायचं तर या वर्षी तुझ्यासारखी बरीच आहेत. पुढच्या वर्षी बोलू.

"पुढच्या वर्षी" हे शब्द आले आणि माझ्या हाताखालचं डोकं गर्रकन वळलं. यंत्र डाव्या भुवईच्या वर, बोटभर, तिरपं गेलं.



मी क्रेटवरून उतरलो. यंत्र बंद केलं. छत्तीस वर्षांत मी असं कोणाचं केलं नव्हतं. पण मी रेघेकडे बघत नव्हतो.

"केन, ऐक," मी म्हणालो. "कोचला वाटलं तू चाललास, तेव्हा तुझी मान लोणी झाली होती. याला वाटलं तू थांबलास, तर मान अशी ताठून वळली की माझं यंत्र घसरलं. मी तुझी मान अठरा वर्षं धरतोय बाळा. ती तुझ्याआधी बोलते."

"त्याला तर मी नकोय," केंडारियस म्हणाला.

"कोचलाही नकोस. त्याचं पण टल्साचं पोरगं आलं. म्हणजे तो हिशेब संपला. आता राहिलास तू."

डीकन पर्विस स्तोत्र म्हणणार होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा थांबले.

आरसा

दार ढकलून मिस लॉरेन आल्या. एकतीस वर्षं शाळेची बस चालवतात, दार उघडायची पद्धतही बसचीच. एवढे दिवस मुलाला त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. पोरं कुठे उतरणार ते मी ठरवत नाही, मी फक्त दार उघडते, असं म्हणायच्या. त्यांनी आरशात मुलाच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं.

"पत्र वाचलं," त्या म्हणाल्या. "सगळे आहेत त्यात. सोमवारी दुकान बंद असतं हेसुद्धा आहे. मला एवढंच सांग, तुझ्या खोलीत शिवणयंत्र ठेवू का नको?"

 कापडाखाली केंडारियसचे हात हलत होते.

"ठेव," तो म्हणाला. "खिडकीजवळ. तिथे उजेड येतो."

मिस लॉरेन यांनी पर्स उघडली, रुमाल शोधला, सापडला नाही, आणि माझा टॉवेल घेतला.

दुसरं पत्र मग त्याने स्वतः लिहिलं. एक ओळ: *मी निघतोय. कोणी घेतलं नाही तर परत येऊन सांगेन.* यादीत नावही तिथूनच दिलं. शेजारी फोटो, आईने काढलेला, आणि कपाळावर ती तिरपी रेघ, अगदी स्पष्ट, कारण मिस लॉरेन यांनी मुद्दाम उजेडात उभं केलं होतं.

दुपारपर्यंत देशभरातून विचारणा होत होती. कुठे जाणार, काय खेळणार, हे कमीच. हे त्या पोराच्या डोक्याला कोणी केलं, हे जास्त. आणि कोणी केलं ते पहिल्या पत्रात होतं, रस्त्याच्या नावासकट.

जाताना केंडारियस दारात वाकला, नेहमीसारखा, आणि अर्ध्या वाटेत थांबला.

"मिस्टर व्हेस, पहिलं पत्र बदलून टाकू? तुमची ओळ काढतो."

मी क्रेट जागेवर सरकवत होतो.

"राहू दे," मी म्हणालो. "फक्त ते 'आणि मुलगा' काढ. त्याचं डॅलसमध्ये नाव आहे."