वरच्या रस्त्याने

पुलेंगने बुटांच्या नाड्या आवळल्या आणि पांढरा टी-शर्ट खाली ओढला. छातीवर ठळक अक्षरं होती: ‘मला एचआयव्ही आहे. मी धावते.’

चुलीपाशी घोंगडी लपेटून तिची धाकटी बहीण लिम्फो खोकत होती.

“ऊठ गं. मी येते ना सोबत. दवाखाना काय, ओढ्यापलीकडेच तर आहे.”

“तुझ्यासोबत? मग दवंडीच पिटायला नको! तुझ्या शेजारून कुणी चाललं तरी गाव काय ते समजतं, ताई.”

खोटं नव्हतं ते. इतकी वर्षं पुलेंग हा शर्ट घालून धावली, शाळांत, चर्चमध्ये बोलली. लोक टाळ्या भरपूर वाजवत. बरोबरीने धावायला मात्र कुणी येत नसे.

एचआयव्हीच्या गोळ्या देणारी नर्स दवाखान्यात आठवड्यातून एकदाच यायची, आज तिचा दिवस होता, आणि गेल्या खेपेलाच तिने लिम्फोला बजावलं होतं, आता उशीर केलास तर हाती काही राहणार नाही. लिम्फोचे गाल पार बसले होते.

“एक कर,” लिम्फो म्हणाली. “तू वरच्या रस्त्याने धाव. गात, हाका मारत. सगळे तुला बघायला निघतील. मी खालच्या पायवाटेने सटकते.”

पुलेंगला रडूच आलं. ज्या भीतीशी भांडायला ती धावायची, तिलाच आज पाठीशी घालायचं. पण पोरीचा जीव वाचत असेल तर तत्त्व गेलं खड्ड्यात.

“जाशील ना नक्की?”

“तुझी शपथ.”

पुलेंग धावली. बेसूर गळ्याने गायली. बायका हातातली कामं टाकून रस्त्यावर आल्या, जिभा हलवून लिलिलिली करू लागल्या.

“अगं बाई, आज अंगात आलंय की काय हिच्या!” शेजारीण मालेराटो ओरडली.

पुलेंग हसली. खालच्या वाटेकडे तिने चुकूनही पाहिलं नाही. आता लिम्फो ओढ्यात उतरली असेल. आता दवाखान्याच्या दारात असेल.

चर्चपाशी वळून ती परत आली, तेव्हा गर्दी आणखी वाढली होती. मालेराटोला खेटून लिम्फो उभी होती. पायांत बाहेर जायचे बूट होते, पण कोरडे. ओढ्यापर्यंत ती गेलीच नव्हती.

“आमची ताई म्हणजे वाघीण आहे, वाघीण!” ती खोकला दाबत म्हणाली आणि सगळ्यांहून जोरात टाळ्या वाजवू लागली.

पुलेंगचे पाय अडखळले. पण थांबली असती, तर सगळ्यांच्या नजरा लिम्फोकडे वळल्या असत्या. ती हात हलवत, गात, तिच्यासमोरून पुढे धावत गेली.