वाकवलेले खिळे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. फुलचूरच्या मैदानाजवळ कडुनिंबाच्या खोडाला टांगलेली असते. माझी गोष्ट काही अभिमानाने सांगण्यासारखी नाही, हे आधीच कबूल करते.

माझा जन्म एका राइस मिलच्या कामासाठी झाला. तांदळाच्या पोत्यांना ओल लागू नये म्हणून मला खाली अंथरत. तिथे शालीकराम नावाचे हमाल थप्पी लावायचे. पोत्यावर पोतं असं रचायचे, की महिनोन्‌महिने एकही हलत नसे. पुढे सुटीच्या दिवशी ते गावातल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवू लागले, तेव्हा मला मालकाकडून मागून घेऊन आले. मला हिरवा रंग दिला, अकरा खिळे मारले आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नावांच्या चकत्या केल्या. ज्या खिळ्यावर ज्याची चकती, ती त्याची मैदानातली जागा.

तेव्हा मुलं नऊ-दहा वर्षांची होती. हिमांशू सगळ्यांत उंच, म्हणून तो फॉरवर्ड झाला. रिंकी सगळ्यांत लहानखुरी, ती डाव्या कोपऱ्यात बॅकला गेली. वाऱ्याने चकत्या पडू नयेत म्हणून शालीकरामांनी खिळे वाकवून टाकले. मी खूश झाले. रोजची ओढाताण संपली. येणारेजाणारे म्हणायचे, "टीम एकदम पक्की आहे." मला वाटे, हे माझंच कौतुक.

तीन वर्षं गेली. मुलं वाढली, रिंकी तर हिमांशूपेक्षाही उंच झाली. एका सकाळी ती म्हणाली, "काका, मले एक डाव फॉरवर्ड खेळू द्या ना."

"थप्पीतलं खालचं पोतं ओढलं त सारी थप्पी खाली येते, बेटा. तू मागंच बरी."

"मी का पोतं आहो, काका?"

शालीकराम हसले आणि शिट्टी वाजवायला गेले.

सगळे मैदानात असताना रिंकी माझ्याकडे आली. तिने स्वतःची चकती ओढली. खिळा जरासा सैल झाला होता. मित्रांनो, मी त्याला सोडायला हवं होतं. पण पावसाने मी फुगले होते आणि शिष्टपणानेही फुगले होते. मी तो खिळा दात आवळावेत तसा आवळून धरला. पत्र्याने तिचं बोट कापलं. बोट तोंडात धरून ती घरी गेली आणि खेळायला येईनाशी झाली. आजही ते आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पंधरा दिवसांनी सालेकसा गावच्या मुलांशी सामना झाला. रिंकीच्या जागी एरवी बाहेर बसणाऱ्या दुर्गेश्वरीला उभं केलं. तिला ती जागा ठाऊकच नव्हती. कुणालाच स्वतःच्या जागेपलीकडचं काही ठाऊक नव्हतं. आमच्यावर पाच गोल झाले. थप्पी खालीच आली.

सालेकशाची मुलं मात्र मध्यंतरानंतर जागा बदलून खेळत होती. शालीकरामांनी त्यांना शिकवणाऱ्या रीता मॅडमना कारण विचारलं.

"आमची दर महिन्याले जागा बदलते," त्या म्हणाल्या. "लेकरं अजून वाढून राहिले, भाऊ. कोण काय होईल, ते आताच कायले ठोकून ठेवता?"

दुसऱ्या दिवशी शालीकराम पकड घेऊन आले आणि अकराही खिळे सरळ केले. माझा रंग उन्हाने विटला होता, पण प्रत्येक चकतीखाली हिरवागार ठिपका निघाला. शालीकरामांनी रिंकीच्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग तिची चकती घेऊन तिच्या घरी गेले. "माझं चुकलं, बेटा. तुले वाटेल तिथं लाव," म्हणाले.

रिंकी आली. पुढच्या खिळ्यावर तिने चकती अडकवली. पहिल्याच खेळात गोल समोर मोकळा होता, चेंडू तिच्या पायात होता, आणि सवयीने तिने तो मागे मारला. कुणी हसलं नाही. मला मात्र झाडावरून उतरून तोंड लपवावंसं वाटलं.

आता दर महिन्याला चकत्या फिरतात. हिमांशूला गोलकीपर होणं फार आवडलं आहे. रिंकीचा पाय हळूहळू पुढे वळू लागला आहे. डाव्या कोपऱ्यातला तिचा हिरवा ठिपका मात्र अजून विटलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या मैदानावर अशी एखादी फळी असेल, तर तिच्यावरची नावं हलवत राहा. ती कुरकुर करेल. तिचं ऐकू नका.